अर्धी भरलेली बॅटरी

कॅम्पर व्हॅन म्हणजे मन मानेल तिथे मुक्काम, अशी लोकांची समजूत असते. आमच्या बाबतीत मन मानायचं ते दुपारी एकपर्यंत. त्यानंतर बॅटरी सांगेल तिथे मुक्काम.

गाडी आमची सेकंड-हँड टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या सीट काढून पलंग, ओटा, बारा व्होल्टचा फ्रिज आणि टपावर दोनशे वॅटची दोन सोलर पॅनेलं. आरटीओत मोटर कॅरावॅन म्हणून रीतसर नोंद. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली: स्टिअरिंग नवऱ्याकडे, वीज माझ्याकडे. आयुष्यभर बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवलं, त्याची ही शिक्षा असं तो म्हणतो.

मागच्या कप्प्यात दीड-दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या होत्या. लोडशेडिंगच्या वर्षांत अर्ध्या महाराष्ट्राच्या जिन्याखाली ज्या येऊन बसल्या, त्याच ह्या लेड-ॲसिड बॅटऱ्या. त्यांचे नियम दोन. निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत, आणि रोजच्या रोज काठोकाठ भरायच्या. अर्धवट भरलेल्या ठेवल्या की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि क्षमता कायमची जाते.

हे काठोकाठ भरणं फार वेळखाऊ. डेपोतून सुटणाऱ्या एसटीत बसायला जागा असते तोवर माणसं धडाधड चढतात, पण एकदा उभं राहायची वेळ आली की कंडक्टर ‘पुढे सरका, पुढे सरका’ ओरडत राहतो आणि एकेक जण कसाबसा आत शिरतो. बॅटरीचे पहिले ऐंशी टक्के तसेच भराभर चढतात. शेवटचे वीस टक्के मात्र १४.४ व्होल्टवर तासन् तास रेंगाळतात. वर सूर्य आहे, पॅनेल तीनशे वॅट द्यायला तयार आहे आणि बॅटरी जेमतेम साठ-सत्तर वॅट घेते आहे. सकाळी गाडी सावलीत राहिली, तर संध्याकाळपर्यंत ती भरणार नाही हे दुपारीच कळायचं.

त्यामुळे हरिहरेश्वरला सगळं जग सुरूच्या बनात गाड्या लावून पंखा नसतानाही गार झोपलेलं, आणि आम्ही शेजारच्या उघड्या रानात, पत्रा तापवत. कच्छमध्ये धोलाविराचे हौद बघताना मी मान वर करून ढग मोजायची. चार-पाच हजार वर्षांपूर्वी वाळवंटाच्या काठावर पाणी साठवणाऱ्या लोकांचं कौतुक करायचं सोडून मला माझ्या साठ्याची काळजी. प्रवासात कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, झाडाच्या कोणत्या बाजूला थांबायचं, ह्या सगळ्यावर एका डब्याचा हुकूम चालत होता. सप्टेंबरात लडाखला जायचं ठरलं, हानलेपर्यंत, तेव्हा मी म्हटलं, आधी हा डबा बदलू.

हिशोब साधा होता. दोन ट्यूब्युलर मिळून कागदावर ३.६ युनिट वीज, पण निम्मीच वापरायची, म्हणजे हातात १.८. दोनशे अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी कागदावर २.५६ युनिटची, पण तिच्यातली ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येते, म्हणजे हातात दोनाहून जास्त. कागदावर लहान, हातात मोठी. वजनाचा फरक तर विचारूच नका. जुन्या दोन्ही मिळून शंभर किलोंच्या वर. त्या उतरवायला सोसायटीच्या वॉचमनसह तीन माणसं लागली. नवी पंचविसेक किलोंची; ती मी एकटीने उचलून ठेवली आणि नवऱ्याला फोटो काढायला लावला. किंमत मात्र जुन्या जोडीच्या दुपटीच्या आसपास. त्यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा चालली, तिचा तपशील इथे देत नाही.

बॅटरी काढली आणि बॅटरी ठेवली, इतक्यावर हे काम भागत नाही. सोलरचा चार्ज कंट्रोलर लेड-ॲसिडच्या सवयीने चालत असतो. अधूनमधून तो पंधरा व्होल्टच्या वर नेऊन ‘इक्वलायझेशन’ करतो, थंडीत व्होल्टेज आपणहून वाढवतो. ते सगळं बंद करावं लागतं. दुसरी गोष्ट इंजिनाची. पूर्वी गाडीच्या अल्टरनेटरमधून एका रिलेमार्गे थेट बॅटरी भरायची. लेड-ॲसिडचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे ती बेताने ओढायची. लिथियमला असा बेत नसतो. रिकामी असेल तर देईल तेवढं ओढते, आणि घाटात इंजिन हळू फिरत असताना अल्टरनेटर तापून जायची भीती. म्हणून मध्ये तीस अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर घातला. तो ठरल्यापेक्षा जास्त ओढूच देत नाही.

तारांसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. पन्नास स्क्वेअर एमएमची केबल, तांब्याचे लग, बसबार, हीट-श्रिंक. केबल मोजताना दुकानदार म्हणाले, “मॅडम, एवढी जाड ट्रकला पण लागत नाही.” म्हटलं, ट्रकमध्ये इंडक्शनवर चहा करत नाहीत. बाराशे वॅटची शेगडी बारा व्होल्टवर चालवायची म्हणजे तारेतून शंभर अँपिअरच्या वर प्रवाह. तार बारीक असेल तर चहाआधी तीच उकळेल. आणि बॅटरीच्या अगदी तोंडाशी टी-क्लास फ्यूज. दुसऱ्या एका दुकानात ‘फ्यूज कशाला, बीएमएस आहे की आत’ असा सल्लाही मिळाला. बीएमएस म्हणजे बॅटरीतलं राखणदार सर्किट. प्रत्येक सेलचं व्होल्टेज, तापमान, प्रवाह पाहून ते गरज पडली तर बॅटरी तोडून टाकतं. पण लिथियमच्या शॉर्ट-सर्किटमध्ये हजारो अँपिअर वाहू शकतात, तिथे इलेक्ट्रॉनिक्सवर भिस्त ठेवून झोप लागत नाही. वितळणारी धातूची पट्टी जास्त विश्वासाची.

शेवटचा बदल जागेचा, आणि पुढे तोच सगळ्यांत महत्त्वाचा ठरला. जुन्या बॅटऱ्यांमधून भरताना हायड्रोजन निघतो, ॲसिडचा वास येतो; म्हणून त्यांचा कप्पा बाहेरून उघडणारा, खाली हवेची नळी. नवीला नळीची गरज नव्हती. तिला मी आत, पलंगाच्या उशाखालच्या कप्प्यात घेतलं.

सप्टेंबरात निघालो. धुळ्यापर्यंत काही विशेष घडलं नाही, सेंधव्याचा घाट चढताना मात्र नवरा म्हणाला, “मागून कोणीतरी उतरलंय.” पाऊणशे किलो म्हणजे एक अख्खा माणूस. पुढे इंदूर, झालावाड, कोटा. राजस्थानात सप्टेंबरचं ऊन अजून पोळत होतं आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव घेत नव्हता. बुंदीच्या अलीकडे एका ढाब्यावर दुपारी आम्ही गाडी कडुलिंबाखाली लावली. उघडी जागा समोर होती, तरीही. पॅनेलवर पानांची जाळी पडली, कंट्रोलरवरचा आकडा पंचाहत्तरवर आला आणि मी तिकडे बघायचं सोडून दाल-बाटी मागवली.

शेजारी एमएच पंधराचा ट्रक होता, लासलगावचा कांदा भरलेला. ड्रायव्हरने पासिंग पाहून ओळख काढली आणि दहा मिनिटांत आमच्या गाडीची पूर्ण पाहणी केली. मग नवऱ्याला विचारलं, “साहेब, ही लिथियम म्हंजे इलेक्ट्रिक स्कूटरमधलीच ना? ती तर पेट घेती.” नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

“ताई, तुम्ही सांगा मग.”

सांगितलं. लिथियम हे एका बॅटरीचं नाव नाही, घराण्याचं आहे. मोबाइलमध्ये आणि पुष्कळ वाहनांत कोबाल्ट, निकेल असलेली रसायनं असतात. ती फार तापली की त्यांच्यातून ऑक्सिजन सुटतो आणि आग स्वतःच स्वतःला फुंकर घालते. आमच्या बॅटरीत लोह आणि फॉस्फेट. फॉस्फेटमधला ऑक्सिजन इतका घट्ट धरलेला असतो की तो सहजी सुटत नाही, म्हणून ही बरीच गरीब. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून १९९७ साली ह्या पदार्थावरचा शोधनिबंध आला, त्यावर जॉन गुडइनफ यांच्यासोबत पाढी आणि नंजुंडस्वामी अशी दोन आपल्याकडची नावं आहेत. गुडइनफना २०१९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, लिथियम-आयन बॅटऱ्यांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. आणि जी बाहेर काढून आम्ही ही ठेवली, ती लेड-ॲसिड प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये केलेली. तुमच्या ट्रकला स्टार्टर मारते ती तीच.

“म्हंजे हिला काहीच धोका न्हाई?”

“आहे ना. ढिला लग, बारीक तार, फ्यूज नसणं. गाडी जळते ती बहुतेक अशाने.”

त्याने विचार केला. “म्हंजे बॅटरी गरीब, वायरिंगवाला वाईट.” एवढं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. निघताना त्याने कांद्याची पिशवी दिली. पैसे घ्यायला तयार होईना. हानलेपर्यंत पुरले ते कांदे.

हिमाचलात मंडीच्या पुढे दरडींमुळे वाहतूक अडकत अडकत चालली होती. कुल्लूच्या खोऱ्यात सफरचंदांचा हंगाम, रस्त्यावर पेट्यांनी लादलेल्या पिकअप, आणि वर सरत्या पावसाचे ढग. नग्गरजवळ देवदारांच्या खाली एका घरमालकाने आपल्या अंगणात गाडी लावू दिली. देवदार दाट, आभाळ काळं. पॅनेलांकडून दिवसभरात मिळायची ती वीज फ्रिजपुरतीही नव्हे. ह्या मुक्कामात मला नव्या बॅटरीचा खरा उपयोग कळला.

आधी एक सवय मोडावी लागली. लेड-ॲसिडचं व्होल्टेज पाहून ती किती भरलेली आहे ते सांगता यायचं: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज सपाट पठारासारखं असतं. नव्वद टक्क्यांना १३.३, चाळीस टक्क्यांना १३.१, भार टाकला की एवढा फरक त्यातच बुडतो. म्हणून आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक अँपिअर मोजणारा शंट बसवावा लागतो. त्याच्या पडद्यावर टक्के दिसतात, आणि दिवसागणिक ते उतरत होते. पंच्याऐंशी, सत्तर, पंचावन्न. जुन्या बॅटऱ्या असत्या तर पहिल्या ढगाळ संध्याकाळीच आम्ही गाडी हलवली असती किंवा कुणाच्या तरी घरातून वायर ओढली असती, कारण अर्धवट भरलेलं राहणं हेच त्यांचं दुखणं. हिचं उलट आहे. कायम शंभर टक्के भरून ठेवणं हिलाच फारसं मानवत नाही. मधल्या टप्प्यात ती सुखात असते.

हे वाचून मला माहीत होतं. पण पंचावन्न टक्क्यांवर ढगाखाली शांत बसणं ही वेगळी गोष्ट आहे. रोज सकाळी मी पडदा बघायची आणि नवरा माझ्या चेहऱ्याकडे. मग आम्ही पायी वर निघायचो, रोरिकांच्या घराकडे. निकोलाय रोरिक हे रशियन चित्रकार १९२८ च्या सुमारास इथे येऊन राहिले आणि १९४७ मध्ये इथेच वारले. त्यांच्या चित्रांतले डोंगर निळे-जांभळे, अविश्वसनीय रंगांचे वाटतात. दोन सरींच्या मधल्या उघडिपीत समोर तेच रंग दिसले आणि शंका मिटली. हेच बॉम्बे टॉकीजच्या देविका राणींचं सासर. मालाडच्या स्टुडिओतून ही बाई इथे आली, हे त्या व्हरांड्यात उभं राहून खरं वाटायला वेळ लागतो. तो वेळ आमच्याकडे होता. धोलाविरात नव्हता.

चाळीस टक्क्यांना आम्ही नग्गर सोडलं. २०२० मध्ये सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा एका बाजूला हिरव्या कुल्लूतून आत घेतो आणि दुसऱ्या बाजूला कोरड्या लाहौलमध्ये बाहेर सोडतो. पाऊस, ढग, देवदार सगळं मागे. जिस्पाला भागा नदीच्या काठी उंचीची सवय होईपर्यंत राहिलो. इथलं ऊन स्वच्छ, कडक. दुपारी बघते तो कंट्रोलर साडेतीनशे वॅटवर आणि बॅटरी त्यातलं सगळं घेते आहे. सत्तर टक्के, ऐंशी, नव्वद. ‘पुढे सरका’ कुठेच नाही. शेवटपर्यंत एकाच वेगाने. शिवाय लेड-ॲसिडमध्ये घातलेल्या विजेतला पाचवा-सहावा हिस्सा वाटेतच उष्णता होऊन जायची, इथे जेमतेम चार-पाच टक्के. टपावरची पॅनेलं तीच. वीज वाढल्यासारखी वाटत होती, ती वाया जायची थांबली होती, इतकंच.

जिस्पाहून पहाटे निघून रात्री लेह गाठलं. बारालाचा, सरचू, गाटा लूप्सच्या एकवीस वळणांनंतर पांग, आणि मग मोरेचं पठार. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरच्या वर सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि डोक्यावर विरळ हवेतून थेट येणारं ऊन. ह्याच पांगच्या परिसरात ९ गिगावॉट सौर, ४ गिगावॉट पवन आणि १२ गिगावॉट-अवर बॅटरी साठा असा प्रकल्प आखलेला आहे. तिथली वीज बाहेर नेण्याच्या वाहिनीला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने मंजुरी दिली. ऊन इथे आहे, विजेची गरज खाली हरियाणा-पंजाबात, आणि संध्याकाळी ऊन जातं तेव्हा गरज वाढते. आमच्या टपावर आणि पलंगाखाली जो प्रश्न आहे तोच, फक्त शून्यं जास्त. मात्र गवत रिकामं नव्हतं. चांगपा पशुपालकांच्या बकऱ्या चरत होत्या, ज्यांच्या आतल्या मऊ लोकरीची पश्मिना होते. इतकी पॅनेलं आली की ह्या बकऱ्यांनी कुठे जायचं, हे त्या आकड्यांत लिहिलेलं नाही.

लेहहून सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा आणि मग डावी-उजवीकडे काहीच नसलेल्या मैदानातून हानले. गाव सव्वाचार हजार मीटरच्या वर. टेकडीवर सतराव्या शतकातला गोम्पा, समोरच्या डोंगरावर साडेचार हजार मीटरवर भारतीय खगोलीय वेधशाळा. तिथली दोन मीटर व्यासाची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात. खाली मैदानात एकवीस मीटर व्यासाची ‘मेस’ नावाची गॅमा-किरण दुर्बीण, आरशांच्या तुकड्यांनी जडवलेली. तिच्यामागे मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ट्रॉम्ब्याहून इतकं लांब येऊन आपल्याकडच्या लोकांनी हे उभं केलं याचं अप्रूप वाटून आम्ही तिच्यासमोर बराच वेळ रेंगाळलो.

२०२२ पासून वेधशाळेभोवतीचा हजारावर चौरस किलोमीटरचा टापू ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ आहे. रात्री बाहेर दिवे नकोत, खिडक्यांना जाड पडदे, गाडीचे हेडलाइट बंद. आम्ही एका होमस्टेच्या आवारात गाडी लावली होती. घरधनीण, सगळ्यांची आमा-ले, अंधार पडल्यावर येऊन आमच्या खिडक्या बाहेरून तपासून गेली आणि एका फटीतून दिसणारा चार्जरचा हिरवा ठिपकासुद्धा झाकायला लावला. मग आकाश. त्याविषयी मी लिहिणार नाही. बघायचं असेल तर तिकडे जा आणि टोपी घालून जा.

सकाळी गाडीच्या काचांवर आतून बर्फाची नक्षी होती. मोबाइलवर बीएमएसचं पान उघडलं. सेलचं तापमान उणे एक. चार्जिंग: बंद. डिस्चार्ज: चालू. सूर्य डोंगरावर आला होता, थंड हवेत पॅनेलांचं व्होल्टेज एरवीपेक्षा वर चढलेलं, म्हणजे ती आता सर्वांत चांगल्या प्रकृतीत. आणि कंट्रोलरवर बॅटरीच्या वाट्याला शून्य. शून्याखाली ही बॅटरी वीज देते, घेत नाही. थंडीत लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये पुरेशा वेगाने शिरू शकत नाहीत. जबरदस्तीने भरलं तर ते बाहेरच धातू होऊन साचतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून राखणदार दार लावून बसतो. लेड-ॲसिडने ह्या थंडीतही निमूटपणे भरून घेतलं असतं, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. अर्थात ती फार उतरलेली असेल तर तिच्यातलं पाणीच गोठायची भीती.

देते तर देऊ दे, असं म्हणून मी इंडक्शन लावलं. गॅस तसाही रुसला होता; एलपीजीतला ब्युटेन अशा थंडीत वायू व्हायला कुरकुरतो. इथे पाणी शहाऐंशीच्या आसपास उकळतं, त्यामुळे चहा लवकर ‘उकळतो’ आणि रंग काही धरत नाही. शंभर अँपिअर वाहत होते. जुन्या बॅटऱ्यांवर एवढा भार टाकला असता तर व्होल्टेज कोसळून इन्व्हर्टरने शिट्टी मारून मान टाकली असती. इथे १२.९. चहा झाला, मग पोहे झाले, कांदा लासलगावचा. शेगडीच्या उबेने काचांवरची नक्षी ओघळली. वीज देता देता सेलही आतून थोडे तापतात. उणे एकचं शून्य झालं, मग दोन, तीन. चार्जिंग पुन्हा सुरू व्हायची मर्यादा मी पाचवर ठेवली होती.

आमा-ले डोकावली. आम्ही दोघं पोहे खात मोबाइलकडे काय बघतोय ते तिला कळेना. तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की बॅटरीला थंडी वाजली आहे. ती हसली नाही. तिने आम्हाला आपल्या स्वयंपाकघरात नेलं. मधोमध बुखारी, भिंतीला चकाकणारी पितळेची भांडी, आणि बुखारीपासून चार हातांवर, जाड नमद्यात गुंडाळलेली, घरच्या सोलरची बॅटरी. साधी लेड-ॲसिडच होती. गच्चीवर पॅनेल, बॅटरी स्वयंपाकघरात. “हिवाळ्यात बकरीची पिल्लंसुद्धा इथेच,” ती म्हणाली. उणे पंचवीस-तीसच्या हिवाळ्यात जे जे जगवायचं ते चुलीजवळ आणायचं, हा तिथला नियम आहे. तिने नमद्याचा एक जुना तुकडा दिला. तो मी उशाखालच्या कप्प्यात चारी बाजूंनी बसवला, आणि रात्री गरम पाण्याची पिशवी पायांशी न घेता डोक्याकडे ठेवली.

गाडीत परतलो तेव्हा सेल पाचावर पोचले होते आणि साडेतीनशे वॅट एकदम आत शिरत होते. सकाळचे दोन तास गेले, पण दुपारपर्यंत भरपाई झाली. पुढच्या सकाळी तापमान चार होतं. त्या मुक्कामात मी पुन्हा बीएमएसकडे फारसं पाहिलं नाही.

परत आल्यावर लोक विचारतात, बदलावी का? तुम्ही शनिवारी पानशेतला जाऊन रविवारी परतणार असाल, दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइल एवढीच गरज असेल, तर जुनीच ठेवा. उरलेल्या पैशांत पुष्कळ डिझेल येतं. बॅटरी बदलून कंट्रोलर, अल्टरनेटरची वायरिंग आणि फ्यूज तसेच ठेवणार असाल, तरीही जुनीच ठेवा. पण जिथे आवडेल तिथे, सावलीत, ढगाखाली, किती दिवस ते न ठरवता राहायचं असेल, तर बदला. पैसे द्यायचे ते जास्त विजेसाठी नव्हेत. अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर निवांत बसता येण्यासाठी.

आमच्या दोन्ही ट्यूब्युलर भंगारात गेल्या नाहीत. भंगारवाला शिशाचा चांगला भाव देत होता, पण माझ्या भावाने त्या जुन्नरच्या शेतघरावर नेल्या. तिथे त्या व्हरांड्यातल्या सिमेंटच्या ओट्यावर बसल्या आहेत. हवा भरपूर, थंडी बेताची, लाइट आली की इन्व्हर्टर रात्रभर सावकाश काठोकाठ भरतो. भाऊ महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर घालतो आणि मला फोन करतो. परवा म्हणाला, “ताई, एवढ्या छान चालतात, मग काढल्यास कशाला?”

म्हटलं, “बॅटऱ्या चांगल्याच आहेत रे. त्यांना फिरायची आवड नाही.”